पाणमोट फुटली, हे ओळखायचे कसे?

गरोदरपणातल्या बहुतेक तक्रारी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलल्या जातात. उलट्या होतात, पाय सुजतात, पाठ दुखते, रात्री झोप लागत नाही, हे सासूबाईंना सांगता येते, शेजारणीला सांगता येते आणि फोनवर आईलाही सांगता येते. ‘अंगावरून पाणी जाते आहे’ हे मात्र सहसा कोणाला सांगितले जात नाही. सातव्या-आठव्या महिन्यात कपडे ओले लागले, तर लघवी थोडी निसटली असेल, पांढरे जात असेल, असा अंदाज बांधून स्त्री कपडे बदलते आणि पुन्हा कामाला लागते. पुष्कळदा तिचा अंदाज खराही असतो. पण काही वेळा ते पाणी गर्भाशयातले असते, आणि तेव्हा दवडलेला वेळ आई व बाळ या दोघांनाही महाग पडू शकतो.

पाणमोट फुटली आहे की नाही, हे ठरवणे ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रसूतिशास्त्रातील ते एक नाजूक निदान आहे. फुटली असता ‘नाही’ म्हटले, तर जंतुसंसर्गाला दार उघडे राहते. फुटली नसता ‘होय’ म्हटले, तर विनाकारण भरती, औषधे, कळा आणण्याचे उपाय आणि कधी शस्त्रक्रियाही वाट्याला येते. म्हणून हे निदान कसे केले जाते, त्यात घरच्यांचा वाटा कोणता आणि डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत, याची माहिती प्रत्येक कुटुंबाला असायला हवी.

पाणमोट म्हणजे काय?

गर्भाशयात बाळ एका दुपदरी पिशवीत वाढत असते. या पातळ पण चिवट पिशवीलाच आपल्या बोलीत पाणमोट म्हणतात. तिच्यातील गर्भजल बाळाला धक्क्यांपासून जपते, हातपाय हलवायला जागा देते आणि त्याच्या फुप्फुसांच्या वाढीला मदत करते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात या पाण्याचा मोठा भाग बाळाच्या लघवीतून तयार होतो. बाळ ते गिळते आणि पुन्हा तयार करते. चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास हा साठा साधारण ८०० मिलिलिटर असतो, पुढे तो हळूहळू कमी होतो. पाणी सतत तयार होत असल्यामुळे पिशवीला छिद्र पडले, तर ते एकदाच वाहून संपत नाही. थेंबथेंब येत राहते.

पिशवी साधारणपणे कळा सुरू झाल्यावर फुटते. कळांपूर्वीच ती फुटली, तर प्रश्न निर्माण होतो. पूर्ण दिवस भरलेल्या, म्हणजे ३७ आठवडे पार केलेल्या दर १०० स्त्रियांपैकी सुमारे ८ जणींच्या बाबतीत असे घडते. ३७ आठवड्यांपूर्वी पिशवी फुटण्याचे प्रमाण दर १०० गरोदरपणांत सुमारे ३ आहे. हा आकडा लहान दिसत असला, तरी मुदतीपूर्वी होणाऱ्या प्रसूतींपैकी साधारण एक तृतीयांश प्रसूतींच्या मुळाशी हेच कारण असते. २०२० साली एकट्या भारतात सुमारे ३० लाख बाळे मुदतीपूर्वी जन्मली, हे लक्षात घेतले म्हणजे या तिघींचे मोल कळते.

पिशवी अकाली का फुटते? योनिमार्गातील किंवा गर्भाशयातील जंतुसंसर्ग, मागच्या खेपेला असेच घडलेले असणे, गर्भाशयाचे मुख आखूड असणे, जुळी बाळे, गर्भजलाचे प्रमाण फार असणे, गरोदरपणात झालेला रक्तस्राव, कुपोषण, धूम्रपान अशी काही कारणे ठाऊक आहेत. कोणत्याही रूपातील तंबाखू गरोदरपणात वर्ज्यच मानली पाहिजे, आणि आपल्या विदर्भातील खर्राही त्यातच आला. मात्र अनेक स्त्रियांच्या बाबतीत कोणतेच कारण सापडत नाही. ‘बादली उचलली म्हणून’, ‘जिना चढली म्हणून’, ‘ऐकले नाही म्हणून’ असे दोष सुनेच्या पदरी बांधण्यात अर्थ नाही. अशा बोलण्यामुळे पुढच्या वेळी ती लक्षण लपवते, एवढेच घडते.

संकोचाची किंमत

संकोचाचा हा प्रश्न किती खोल आहे, हे विदर्भातीलच एका अभ्यासाने जगाला दाखवले. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली, आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची एक ना एक तक्रार होती. पण त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. म्हणजे दुखणे घरोघरी होते आणि ते बोलायला जागा कुठेच नव्हती.

या अभ्यासाचा आपल्या विषयाशी दुहेरी संबंध आहे. योनिमार्गातील दीर्घकाळचा संसर्ग हे पाणमोट अकाली फुटण्याचे एक कारण आहे. शिवाय अंगावरून पांढरे जाण्याची सवय झालेल्या स्त्रीला नव्याने येणारे पाणी वेगळे आहे, हे चटकन उमगत नाही. त्या पाहणीला आता साडेतीन दशके लोटली. सदरसारख्या शहरी वस्तीत दवाखाने हाकेच्या अंतरावर आहेत आणि मुली शिकलेल्या आहेत. तरीही दवाखान्यात सोबत आलेल्या पतीसमोर किंवा सासऱ्यांसमोर हे बोलताना आवाज खाली जातोच. गरोदर सुनेला डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची मुभा द्यावी, ही पहिली सूचना त्यातूनच निघते.

घरी काय पाहावे?

पिशवी फुटल्याचे चित्र प्रत्येकीच्या बाबतीत सारखे नसते. कोणाला एकदम भसकन पाणी गेल्याचे जाणवते आणि पायांपर्यंत ओल येते. कोणाला मात्र दिवसभर नुसता ओलसरपणा जाणवतो. पुढील गोष्टींवरून अंदाज बांधता येतो.

लघवी आली असता स्त्रीला ती थोडा वेळ तरी रोखता येते. गर्भजल रोखता येत नाही. लघवीला तिचा ओळखीचा वास असतो. गर्भजल पाण्यासारखे पातळ, रंगहीन किंवा फिकट गवती रंगाचे असते, आणि त्याला लघवीसारखा उग्र वास नसतो. पांढरे जाणे हे बहुधा घट्टसर, चिकट असते. दिवस भरत आल्यावर गर्भाशयाच्या मुखाशी असलेला चिकट, किंचित रक्तमिश्रित कफासारखा पदार्थ पडतो. तोही पाणमोट फुटल्याचा पुरावा नव्हे.

शंका आली, तर लघवी करून यावे, स्वच्छ सॅनिटरी पॅड किंवा धुतलेल्या सुती कापडाची घडी ठेवावी आणि अर्धा तास डाव्या कुशीवर पडून राहावे. आडवे असताना पाणी आत साठते, म्हणून उठून उभे राहताच ते खाली येते. कापड पातळ पाण्याने भिजले, तर ते पिशवीत घालून दवाखान्यात सोबत न्यावे. डॉक्टरांना रंग व वास पाहायला ते उपयोगी पडते. ही घरगुती परीक्षा केवळ माहितीसाठी आहे. कापड कोरडे निघाले, तरी शंका फिटत नसेल तर तपासणी करून घ्यावी. कधी बाळाचे डोके छिद्रावर बसते आणि पाणी काही काळ थांबते. त्याचा अर्थ पिशवी पुन्हा सांधली गेली, असा होत नाही.

पाणी गेल्याची वेळ लिहून ठेवावी. पुढचे बरेचसे निर्णय त्या वेळेवर अवलंबून असतात. योनिमार्गात कापूस, बोट किंवा औषध काहीही घालू नये. टबमध्ये बसून स्नान आणि शरीरसंबंध टाळावेत.

काही लक्षणे दिसली, तर घरगुती परीक्षेत अर्धा तासही घालवू नये. पाण्याचा रंग हिरवट किंवा तपकिरी असेल, तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते. पाणी लाल असेल, त्याला दुर्गंधी असेल, ताप किंवा थंडी वाजून येत असेल, पोट दुखरे झाले असेल, बाळाची हालचाल कमी झाली असेल, किंवा ३७ आठवडे अजून पूर्ण झाले नसतील, तर तत्काळ निघावे. योनिमार्गातून नाळेचा वेढा बाहेर आलेला दिसला किंवा जाणवला, तर ती अत्यंत तातडीची वेळ असते. अशा वेळी स्त्रीने गुडघे व छाती टेकवून, कंबर उंच ठेवून राहावे. नाळेला हात लावू नये, ती आत ढकलू नये आणि त्याच क्षणी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

डॉक्टर निदान कसे करतात?

तपासणीची सुरुवात प्रश्नांनी होते. पाणी केव्हा गेले, किती गेले, रंग कसा होता, अजून येते आहे का, कळा आहेत का, बाळ हलते आहे का? यांची नीट उत्तरे मिळाली, तर निम्मे काम होते. त्यानंतर गरोदरपणाचा आठवडा पक्का केला जातो. त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीचा अहवाल सर्वांत विश्वसनीय असतो. पहिल्या बाळंतपणासाठी नागपूरहून अमरावती, अकोला किंवा यवतमाळला माहेरी जाणाऱ्या मुलीने कपड्यांच्या आधी हीच फाईल बॅगेत ठेवावी.

मुख्य तपासणी निर्जंतुक स्पेक्युलमने केली जाते. या उपकरणाने योनिमार्ग हलकेच उघडून डॉक्टर आत पाहतात. मागच्या खोलगट भागात पाणी साचलेले दिसले किंवा गर्भाशयाच्या मुखातून ते येताना दिसले, तर निदान झाले. पाणी दिसले नाही, तर खोकायला सांगतात. त्या दाबाने थेंब खाली येतो. याआधी थोडा वेळ आडवे पडून राहायला सांगतात, त्याचे कारण वर आलेच आहे. या तपासणीत थोडी अस्वस्थता वाटते, पण बाळाला धोका नसतो.

येथे एक गोष्ट कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावी. कळा सुरू झालेल्या नसतील आणि प्रसूती लगेच करायची नसेल, तर पिशवी फुटल्याच्या संशयात बोटांनी आतून वारंवार तपासणी टाळतात. अशा तपासणीने जंतू वर सरकतात आणि प्रसूती लवकर होण्याचा संभवही वाढतो. ‘डॉक्टरांनी नीट तपासलेच नाही’ अशी तक्रार काही वेळा ऐकू येते. अनेकदा ते न तपासणे हीच नीट तपासणी असते.

पाणी डोळ्यांना दिसले नाही, तर पूरक चाचण्यांकडे वळतात. योनिमार्ग मुळात आम्लधर्मी असतो आणि त्याचा सामू साधारण ३.८ ते ४.५ असतो. गर्भजलाचा सामू ७.१ ते ७.३ असतो. नायट्राझिन नावाचा पिवळा कागद अशा अल्कधर्मी पाण्याने निळा होतो. ही चाचणी स्वस्त आणि झटपट आहे, पण फसवी. रक्त, वीर्य, काही जंतुनाशके किंवा योनिमार्गातील संसर्ग यांमुळेही कागद निळा होतो. ज्या स्त्रियांत संसर्गाचे प्रमाण अधिक, त्यांच्यात ही चूक अधिक, हे गडचिरोलीच्या त्या पाहणीच्या संदर्भात सहज कळेल. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर निदानासाठी हा कागद वापरू नये, असेच सांगितले आहे.

दुसरी चाचणी सूक्ष्मदर्शकाची. पाण्याचा थेंब काचपट्टीवर पसरून सुमारे दहा मिनिटे सुकू देतात. गर्भजलातील क्षार आणि प्रथिने यांमुळे सुकताना त्यात नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. लघवीत सहसा अशी नक्षी दिसत नाही. मात्र गर्भाशयाच्या मुखाशी असलेला चिकट स्राव नमुन्यात मिसळला किंवा काचेवर बोटांचे ठसे उमटले, तर येथेही फसगत होते.

अलीकडच्या काळात गर्भजलातील विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या पट्ट्या आल्या आहेत. कापसाच्या काडीने घेतलेला नमुना द्रावणात बुडवून पट्टीवर काही मिनिटांत रेघ पाहायची, अशी गरोदरपणाच्या घरगुती चाचणीसारखीच ही रीत आहे. या पट्ट्या कागदापेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत. तरीही ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना पत्र लिहून बजावले, की केवळ या पट्टीच्या भरवशावर निदान करू नये. चाचणीच्या निकालावर विसंबून राहिल्याने संसर्ग व गर्भमृत्यू घडल्याच्या नोंदी त्यांच्याकडे आल्या होत्या. प्रश्न, प्रत्यक्ष तपासणी आणि चाचणी या तिन्हींचा मेळ घालूनच निर्णय घ्यायचा, हे त्याचे सार.

सोनोग्राफीत गर्भजल कमी दिसले, तर संशयाला बळ मिळते. परंतु पाणी कमी असण्याची इतरही कारणे असतात, आणि छिद्र लहान असेल तर पाणी पुरेसे दिसूनही पिशवी फुटलेली असू शकते. आईच्या शरीरातील पाणी कमी झाले, तरी गर्भजलावर परिणाम होतो. नागपूरच्या मे महिन्याच्या उन्हात किंवा पर्युषणातील उपवासात तपासणीला जाणाऱ्या गरोदर स्त्रीने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सोनोग्राफी हा पूरक पुरावा आहे, अंतिम निकाल नव्हे.

निदान झाल्यावर

पुढचे उपचार आठवड्यांवर ठरतात. ३७ आठवडे पूर्ण झाले असतील, तर दहापैकी सुमारे सहा स्त्रियांना चोवीस तासांत आपोआप कळा सुरू होतात. वाट पाहावी की औषधाने कळा आणाव्यात, याचा मोठा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा देशांतील ७२ रुग्णालये आणि ५,०४१ स्त्रिया होत्या. बाळांतील संसर्ग आणि सिझेरियनचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे राहिले. ऑक्सिटोसिनने कळा आणलेल्या स्त्रियांना संसर्ग कमी झाला. म्हणून फार काळ वाट न पाहण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान संसर्गाचे चिन्ह नसेल, तर काळजीपूर्वक लक्ष ठेवत थांबता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या १,८३९ स्त्रियांच्या अभ्यासात लगेच प्रसूती केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास अधिक झाला, आणि घाई केल्याने बाळांतील संसर्ग काही कमी झाला नाही. थांबलेल्या मातांमध्ये मात्र रक्तस्राव व ताप यांचे प्रमाण अधिक होते. म्हणूनच हे थांबणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवे.

३४ आठवड्यांपूर्वी प्रत्येक दिवस मोलाचा असतो. ताप, नाडी, पोटाचा दुखरेपणा, बाळाचे ठोके आणि रक्ततपासणी यांवर नजर ठेवून गरोदरपण लांबवण्याचा प्रयत्न होतो. प्रतिजैविके दिली जातात. २००१ साली ४,८२६ स्त्रियांच्या अभ्यासात एरिथ्रोमायसिनचा लाभ दिसला, तर अमॉक्सिसिलिन व क्लॅव्हुलेनिक आम्ल यांच्या जोडगोळीने बाळांत आतड्याचा गंभीर आजार वाढला. घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःच्या मनाने का घेऊ नये, याचे याहून स्पष्ट कारण कोणते असेल?

बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. हे नाव ऐकून घरचे घाबरतात. भीतीचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यूंचे प्रमाण १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के होते. आपल्या केंद्र सरकारने २०१४ सालीच यासाठी सूचना काढल्या असून, मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा गावातील परिचारिकेलाही देता येते. संसर्ग स्पष्ट दिसला, तर मात्र आठवडे कोणतेही असोत, प्रसूती लांबवता येत नाही.

बेळगावच्या लेकीची गोष्ट

या निदानानंतरची देखरेख ढिली पडली, तर काय होते, हे साऱ्या जगाने २०१२ साली पाहिले. सविता हालप्पनवार ही मूळची बेळगावची, ३१ वर्षांची दंतवैद्य, पतीसह आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहत होती. १७ आठवड्यांची गरोदर असताना २१ ऑक्टोबर २०१२ रोजी पाठदुखीमुळे ती तेथील विद्यापीठ रुग्णालयात गेली. गर्भपात अटळ असल्याचे तपासणीत दिसले. मध्यरात्रीनंतर तिची पाणमोट फुटली. बाळ जगण्याची आशा नव्हती, पण त्याचे ठोके सुरू होते. सविता आणि तिच्या पतीने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. तेव्हाच्या आयरिश कायद्याकडे बोट दाखवून ती नाकारण्यात आली. २४ तारखेला पहाटे तिला हुडहुडी भरली, ताप चढला, नाडी वेगाने धावू लागली. रक्तात विष पसरले होते. २८ ऑक्टोबर रोजी ती गेली.

नंतरच्या चौकशी अहवालांनी जे मांडले, ते प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावावे असे आहे. भरतीच्या दिवशी घेतलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. त्या अहवालाचा पाठपुरावा झाला नाही. पिशवी फुटल्यावर दर चार तासांनी ताप, नाडी आणि रक्तदाब मोजायला हवा होता. तो नियमितपणे मोजला गेला नाही. तिला वाचवण्याच्या १३ संधी हुकल्या, असे तेथील आरोग्य गुणवत्ता प्राधिकरणाने नोंदवले. तिच्या मृत्यूने आयर्लंडमध्ये मोठी चळवळ उभी राहिली आणि २५ मे २०१८ च्या सार्वमतात तेथील जनतेने घटनेतील ती तरतूद बदलली.

जीवदयेचा संस्कार असलेल्या घरासाठी अशी वेळ फार कठीण असते. पोटातला जीव आणि आईचा जीव यांच्यात कोणाला निवड करावी लागू नये. पण वेळ आलीच, तर आपल्या देशाचा कायदा स्पष्ट आहे. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने गर्भ काढणे आवश्यक आहे, असे नोंदणीकृत डॉक्टरांचे प्रामाणिक मत झाल्यास १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आठवड्यांच्या मर्यादेचा अडसर ठेवत नाही. अशा प्रसंगी त्या स्त्रीचे म्हणणे आधी ऐकले जावे.

नागपूरचा वाटा

आपल्या शहराने या क्षेत्रात केलेले काम आपल्याच लोकांना फारसे ठाऊक नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले मेडिकल, आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालय येथे उच्च रक्तदाब असलेल्या ६०२ गरोदर स्त्रियांवर कळा आणण्याच्या दोन पद्धतींची तुलना झाली आणि ती २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तोंडाने घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या लहान मात्रेने चोवीस तासांत ५७ टक्के स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती झाली, तर फुग्याच्या नळीने ४७ टक्के स्त्रियांची.

त्याहून मोठा अभ्यास प्रसूतीच्या वेळच्या संसर्गाचा. नागपूरचे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि बेळगाव ही त्याची भारतातील केंद्रे होती. सात देशांतील २९,२७८ स्त्रियांच्या या अभ्यासात कळा सुरू असताना अॅझिथ्रोमायसिनची एकच मात्रा दिलेल्या गटात रक्तदोष किंवा मातामृत्यूचे प्रमाण १.६ टक्के, तर औषधाविना २.४ टक्के आढळले. २०२३ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. ज्या बेळगावची लेक संसर्गाने दूरदेशी गेली, तेथील आणि आपल्या नागपूर परिसरातील मातांनी संसर्ग रोखण्याच्या ज्ञानात अशी भर घातली.

घरच्यांनी काय करावे?

सदरहून मेयो आणि डागा ही दोन्ही रुग्णालये काही किलोमीटरांवर आहेत, खासगी प्रसूतिगृहे तर त्याहूनही जवळ. अंतर ही आपली अडचण नाही. रात्री दोन वाजता कोणाला उठवू, हा संकोच आहे. म्हणून सातवा महिना लागताच घरात काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. कोणत्या रुग्णालयात जायचे, रात्री गाडी कोण काढणार, फाईल कुठे ठेवली आहे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. मुदतीपूर्वी पाणी गेले, तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेलेच रुग्णालय गाठावे. बाळाला पोटात असतानाच तेथे नेणे हे जन्मानंतर नेण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित. १ जून २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि घरापासूनचा प्रवास मोफत आहे. त्यासाठी १०२ क्रमांक आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगावे.

रुग्णालयात चार प्रश्न विचारावेत. पाणमोट फुटली, हे कशावरून ठरवले? आज नेमका कितवा आठवडा आहे? ताप व नाडी किती तासांनी मोजणार? रक्ताचा अहवाल केव्हा येईल आणि तो कोण पाहील? असे प्रश्न विचारणे हा डॉक्टरांवरचा अविश्वास नसतो, आणि चांगले डॉक्टर त्याने नाराज होत नाहीत.

तपासणीअंती ‘काही नाही, लघवीच होती’ असे निघाले, तर त्याचे हसू करू नये. दहा वेळा निष्फळ खेप झाली तरी चालेल. ‘उगाच धावपळ करायला लावली’ असे एकदा ऐकलेली स्त्री पुढच्या वेळी सकाळ होण्याची वाट पाहते, आणि तीच रात्र तिला व बाळाला भारी पडू शकते. घरातील वडीलधाऱ्या बायकांनी सुनेला, लेकीला आजच एवढे सांगून ठेवावे: पाणी गेल्यासारखे वाटले तर मला उठव, वेळ कोणतीही असो.